ताटातील माप

दोन वर्षांपूर्वी रक्ततपासणीचा अहवाल हाती आला तेव्हा माझे वजन ब्याण्णव किलो होते आणि मधुमेह दाराशी येऊन ठेपला होता. डॉक्टरांनी सांगितले, "गुरुजी, दहा-बारा किलो वजन उतरवा." ऐकताना ते सोपे वाटले. त्याच रात्री, जेवण होऊन तासही झाला नसताना, मी स्वयंपाकघरात शेवेचा डबा उघडून उभा होतो. पोट भरलेले होते. मग हात डब्यात का गेला? या प्रश्नाचा मागोवा घेताना इतिहासाच्या शिक्षकाला पुन्हा इतिहासाकडेच वळावे लागले.

आपल्या समाजात 'कमी खा' हा सल्ला सहजासहजी पचनी पडत नाही आणि त्याला सबळ कारण आहे. माझी आई १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर होती. सुकडी आणि लाल मिलोच्या भाकरीवर तिने आम्हा भावंडांना जगवले. ताटात शीतही उरता कामा नये, हा तिचा आयुष्यभराचा दंडक. ज्यांच्या आजा-पणजांनी गावातून मागून आणलेल्या शिळ्या तुकड्यांवर दिवस काढले, त्यांच्या घरात वाढणारा हात आखडत नाही. पाहुण्याने तिसऱ्या भाकरीला नको म्हटले, तर यजमानाला राग येतो. भरलेले ताट ही आपल्यासाठी कष्टाने मिळवलेली प्रतिष्ठा आहे. म्हणूनच त्या ताटाकडे चिकित्सक नजरेने पाहणे आपल्याला जड जाते.

तरीही संयम आपल्या परंपरेला परका नाही. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे-शिळे तुकडे सोडण्याचे आवाहन केले. ज्यांच्या घरी दुसऱ्या वेळच्या अन्नाची शाश्वती नव्हती, अशा असंख्य माणसांनी ते मानले आणि समोरचे अन्न स्वाभिमानासाठी नाकारले. अन्नाला नकार देण्यामागे हेतू असेल, तर माणसाला बळ येते, एवढे त्या इतिहासावरून निश्चित म्हणता येते.

परंतु नकार कशाला द्यावयाचा, हे आधी ठरले पाहिजे. भूक आणि तृष्णा या दोन भिन्न गोष्टी आहेत. भूक हळूहळू वाढते आणि भाकरी-ठेच्यानेही भागते. तृष्णा अवचित येते आणि नेमका पदार्थ मागते; तिला शेवच हवी असते किंवा जिलेबीच हवी असते. आठवडाभर मी एका वहीत नोंद ठेवली. माझी तृष्णा बहुधा तीन वेळी येत असे : शाळा सुटल्यावर थकून घरी आल्यावर, उत्तरपत्रिका तपासताना कंटाळा आल्यावर आणि जागरणाच्या दुसऱ्या दिवशी. झोप अपुरी झाली की भूक वाढवणारे संप्रेरक शरीरात वाढते, हे विज्ञानाने दाखवले आहे. म्हणजे मी ज्याला जिभेचा दोष समजत होतो, तो पुष्कळ अंशी थकव्याचा आणि जागरणाचा परिणाम होता.

वजन उतरवण्यासाठी उपाशी राहणारे अनेक स्नेही मी पाहिले. दोन दिवस कडकडीत उपास आणि तिसऱ्या दिवशी शेवभाजीचे पातेले रिकामे! यात त्यांच्या निर्धाराला दोष देण्याचे कारण नाही. अमेरिकेत १९४४-४५ मध्ये ॲन्सेल कीज यांनी छत्तीस निरोगी स्वयंसेवक तरुणांना सहा महिने निम्म्या आहारावर ठेवले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले, पण मनात दिवसरात्र अन्नच घर करून राहिले. त्यांच्यापैकी काहीजण तर पाककृतींची पुस्तके जमवू लागले. उपासमारीने तृष्णा मरत नाही, ती बळावते. सिद्धार्थ गौतमाने हे अडीच हजार वर्षांपूर्वी स्वतःच्या देहावर अनुभवले होते. देह झिजवून काही हाती लागले नाही, तेव्हा त्याने सुजाताची खीर स्वीकारली. मध्यम मार्गाच्या इतिहासात अन्नाच्या त्या पात्राला मोठे स्थान आहे.

पाली साहित्यात भोजनातील मात्रा जाणण्याला 'भोजने मत्तञ्ञुता' म्हटले आहे. संयुत्त निकायात कोसलनरेश पसेनदीची कथा येते. हा राजा द्रोणभर भात खाई आणि भोजनोत्तर धापा टाकत तथागतांकडे येई. तथागतांनी त्याला उपास सांगितला नाही की त्याची निर्भर्त्सना केली नाही. मात्रा जाणून जेवणाऱ्याची पीडा कमी होते, अशा आशयाची एक गाथा त्यांनी सांगितली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करावयास लावली आणि भोजनाच्या वेळी म्हणण्यासाठी त्याला रोज शंभर कार्षापणे देऊ केली. अट्ठकथेत अधिक तपशील आहे : शेवटचा घास घेताना गाथा ऐकून राजा तो घास ठेवून देई आणि पुढच्या वेळी तेवढेच तांदूळ कमी शिजवले जात. असे हळूहळू माप उतरत द्रोणावरून नाळीवर आले आणि राजाचा देह हलका झाला.

या कथेत तीन उपाय आहेत : घट थोडी-थोडी असावी, आठवण देणारे माणूस सोबत असावे आणि माप चुलीवर चढण्यापूर्वीच ठरावे. मी तेच केले. चार पोळ्यांच्या जागी कळण्याच्या दोन भाकरी, सोबत घट्ट वरण किंवा उसळ आणि भरपूर भाजी. त्यामुळे पोट दीर्घकाळ भरलेले राहते. शेवेचा डबा घरात ठेवणे बंद झाले. खावीशी वाटली तर महिन्यातून दोनदा, ताटात वाढून, सर्वांसोबत. आमच्या घरचा सुदर्शन म्हणजे धाकटी मुलगी. ती केवळ "माप" एवढाच शब्द उच्चारते. तिला कार्षापणे मिळत नाहीत, महिन्याकाठी एक पुस्तक मिळते. एवढे करूनही ओढ आली, तर मी तिच्याशी झुंजत नाही. अंगणात बसून ती कशी वाढते आणि कशी ओसरते, ते पाहतो. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातील मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी या ओढीला लाटेची उपमा दिली आहे. लाट येते, उंचावते आणि विरते. आज माझे वजन एक्क्याऐंशी किलो आहे. लग्नसराईत दोन किलो परत आले होते, तेही सांगितले पाहिजे.

हा प्रश्न केवळ पन्नाशीच्या गुरुजींचा नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या दशकापासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता व बालकांचा अभ्यास केला. आपली बाळे वजनाने लहान जन्मतात, पण त्यांच्या देहात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते, असे त्यांना आढळले. पोटात असताना पोषण कमी मिळालेल्या मुलाला पुढे मधुमेहाचा धोका अधिक असतो. पिढ्यान् पिढ्यांची उपासमार अशी रक्तात साखर होऊन उतरते. खुद्द बाबासाहेबांना मधुमेहाने जर्जर केले होते. डॉ. सविता आंबेडकर यांनी त्यांचे पथ्यपाणी सांभाळले, तरी वयाच्या पासष्टाव्या वर्षी आपण त्यांना मुकलो.

आमच्या ब्राह्मणपुरीच्या परिसरात ऊस आणि केळी डोलतात आणि याच जिल्ह्यातील सातपुड्याच्या पाड्यांवर कुपोषणही आहे. म्हणून निवासी शाळेत वाढत्या मुलाला 'कमी खा' असे कोणीही, कधीही म्हणू नये. त्याच्या ताटात डाळ, अंडे, भाजी पोटभर असावी. मात्र वाढदिवसाला चॉकलेट आणि शाबासकी म्हणून पाच रुपयांचे पुडके, ही प्रथा आपण शिक्षकांनी सोडावी. त्याजागी केळे द्यावे, शेंगदाण्याची चिक्की द्यावी. एखाद्या स्थूल मुलाला टोपणनावाने चिडवले जात असेल, तर ते तत्काळ थांबवावे. अपमान झालेले मूल एकांतात अधिक खाते.

जेवणापूर्वी अर्धे मिनिट शांत बसून मुलांनी स्वतःला विचारावे : ही भूक आहे की तृष्णा? भूक असेल तर निःसंकोच जेवावे. मुलांनी हा प्रश्न दहाव्या वर्षी शिकावा; मला तो बावन्नाव्या वर्षी, शेवेच्या डब्यापाशी शिकावा लागला.