योग अंगणात यावा

मुंबई-गोवा महामार्गावर पोलादपूर मागे पडले की कशेडीचा घाट सुरू होतो. रायगड आणि रत्नागिरी या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरील हा घाट कोकणी माणसाच्या स्मरणात आहे तो मुख्यतः नागमोडी वळणे, तासन् तासांची कोंडी आणि अपघात यांच्यामुळे. सप्टेंबर २०२३मध्ये, गणेशोत्सवाच्या तोंडावर, येथील बोगद्यातून हलकी वाहने सोडण्यात आली आणि त्यानंतर महामार्गाची वाहतूक टप्प्याटप्प्याने डोंगराच्या पोटात वळली. जुन्या घाटरस्त्याला अनेक दशकांनंतर उसंत मिळाली. हिवाळ्यातील पहाटे सावित्रीच्या खोऱ्यात धुके साचलेले असते, डोंगरांचे माथे तेवढे त्यातून वर डोकावत असतात आणि भोंग्यांखाली दबलेला पाखरांचा आवाज पुन्हा कानी पडू लागतो. अनायासे लाभलेल्या या शांततेचे करायचे काय, हा प्रश्न या निमित्ताने विचारण्याजोगा आहे.

योगसाधनेच्या संदर्भात तर तो आवर्जून विचारला पाहिजे. ११ डिसेंबर २०१४ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने १७७ देशांच्या सहप्रायोजकत्वाने ठराव संमत करून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून घोषित केला. २०१५पासून तो जगभर साजरा होत आहे. भारतीयांना अभिमान वाटावा, अशीच ही घटना आहे. परंतु कोकणात २१ जून म्हणजे मृग सरून आर्द्रा लागण्याचे दिवस. शेतात भाताची रोपे तरारू लागलेली असतात आणि आभाळ धो धो कोसळत असते. साहजिकच महाड-पोलादपूरच्या परिसरात योग दिन साजरा व्हायचा तो शाळेच्या वर्गात, नाहीतर देवळाच्या सभामंडपात. त्यात वावगे काही नाही. वावगे आहे ते पुढचे. २२ जूनला सतरंज्या गुंडाळल्या जातात आणि पाऊस ओसरून आकाश निवळले, तरी त्या पुन्हा उलगडल्या जात नाहीत. शहरात ज्यांचा योग सुरू राहतो, त्यांचाही तो बहुधा बंद काचांच्या आणि वातानुकूलित दालनांच्या आतच राहतो.

आपल्या परंपरेने साधनेच्या स्थानाचा विचार किती बारकाईने केला आहे! भूमी सपाट व शुद्ध असावी, खडे-वाळूचा उपद्रव नसावा, स्थान मनाला अनुकूल असावे, डोळ्यांना खुपू नये आणि वाऱ्यापासून आडोसा असावा, अशी अपेक्षा श्वेताश्वतर उपनिषद व्यक्त करते. हठप्रदीपिका तर शेणाने सारवलेली लहानशी कुटी सुचविते. घेरंडसंहितेने योगारंभासाठी वसंत आणि शरद हे दोनच ऋतू योग्य मानले आहेत. म्हणजेच शास्त्राला नुसते उघड्यावर जाणे अभिप्रेत नाही. रणरणते ऊन, झोंबरा वारा वा मुसळधार पाऊस यांत देहाला छळणे तर नाहीच नाही. त्याला अभिप्रेत आहे ते निसर्गाशी जुळवून घेणे.

या कसोटीला उतरणारी जागा कोकणातील शेतकऱ्याच्या दारातच आहे. भातकापणीच्या सुमारास, म्हणजे नेमक्या शरदात, तो आपले खळे चोपून सपाट करतो, शेणाने सारवतो. झोडणी आणि मळणी आटोपली की ती स्वच्छ भूमी सकाळच्या वेळी मोकळीच असते. कष्टकऱ्याला वेगळा व्यायाम कशाला, असे कोणी म्हणेल. पण लावणीत आणि कापणीत दिवस दिवस वाकून राहणाऱ्या पाठीला भुजंगासनाचा उलटा ताण आणि शवासनाची विश्रांती यांची गरज शहरी माणसाहून कमी नाही. श्रम शरीराला एकाच दिशेने वापरतो. योग त्याचा तोल सावरतो.

मोकळ्यावरच्या साधनेचा आनंद शब्दांत सांगण्यापेक्षा अनुभवण्याचा आहे, तरी त्यामागची कारणे सांगता येतात. वृक्षासनात भिंतीवरच्या ठिपक्याऐवजी दूरच्या शिखरावर दृष्टी स्थिरावते. जमिनीच्या किंचित उंचसखलपणामुळे घोट्याचे आणि पावलाचे स्नायू जागे होतात. सकाळचा प्रकाश डोळ्यांत शिरला की शरीराचे अंतर्गत घड्याळ ताळ्यावर येते आणि रात्रीची झोप सुधारते. कोवळ्या उन्हातून भरपूर ड जीवनसत्त्व मिळते, ही लोकप्रिय समजूत मात्र फारशी खरी नाही. ते मुख्यतः सूर्य वर आल्यावर मिळते. सूर्यनमस्काराचे मोल त्यावर अवलंबूनही नाही. ज्याला नमस्कार करायचा, तो डोंगराआडून प्रत्यक्ष वर येताना दिसणे, हे सुख छताखाली मिळणारे नव्हे.

याच महाड तालुक्यात शिवथरघळ आहे. समर्थ रामदासस्वामींनी दासबोधाची रचना येथे केली, अशी श्रद्धा आहे. पावसाळ्यात घळीच्या तोंडाशी प्रपात कोसळत असतो आणि आत आडोशाला माणूस शांत बसू शकतो. बलोपासनेचा संदेश देणाऱ्या समर्थांचे नाव सह्याद्रीच्या अशा कुशीशी जोडले जावे, यात नवल नाही.

परंतु निसर्ग म्हणजे छायाचित्रामागचा पडदा नव्हे. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच अतिवृष्टीत पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. हा डोंगर आधार देतो तसा कोपतोही. त्याचा उतार पोखरून, झाडी तोडून उभारलेल्या विश्रामधामात बसून कोणी दीर्घ श्वसन करू लागला, तर त्याला साधना म्हणायचे का? पतंजलींनी आसनाच्या आधी यम आणि नियम सांगितले. अहिंसा, अपरिग्रह आणि शौच यांचा अर्थ घाटमाथ्यावर अगदी सोपा आहे: झाड राखावे, गरजेपुरते घ्यावे आणि प्लॅस्टिकची बाटली मागे टाकू नये. प्राणायामात माणूस हवा अधिक खोलवर घेतो; ती धुराने भरलेली असेल, तर अपायही तितकाच खोल जातो. हवेची शुद्धी राखणे हाही म्हणूनच प्राणायामाचाच पूर्वभाग आहे.

कशेडीच्या जुन्या घाटाला मिळालेली उसंत उद्या कचराकुंड्या आणि ध्वनिवर्धक यांच्या स्वाधीन होऊ शकते किंवा ती जपलीही जाऊ शकते. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. ग्रामपंचायतींनी कचऱ्याला आळा घालावा. शाळांनी कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत आठवड्यातून एक सकाळ मुलांना मैदानावर आणावे. शिमग्याला गावी येणाऱ्या चाकरमान्याने एक तरी पहाट अंगणात, आपल्या मुलांना शेजारी उभे करून सूर्यासमोर हात जोडावेत. योग जगाने स्वीकारला, हे उत्तम झाले. आता तो सभामंडपातून आपल्याच अंगणात उतरला पाहिजे, आणि ते अंगण, त्यामागचा डोंगर व त्यावरची हवा शुद्ध ठेवण्याची जबाबदारी आपण पत्करली पाहिजे.