शून्य पर्सेंटाइल आणि रिक्त जागा

२०२३ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने नीट-पीजी ह्या पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची पात्रता शून्य पर्सेंटाइलपर्यंत खाली आणण्याचा हुकूम काढला, तेव्हा गुणवत्ता बुडाल्याचा जो आक्रोश झाला, त्यात एक गोष्ट नजरेआड राहिली, ती ही की, त्वचारोग वा क्ष-किरणशास्त्राच्या जागा आरंभीच्याच फेऱ्यांत संपतात आणि रिक्त राहतात त्या प्रामुख्याने शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र ह्यांच्या. अल्प गुणांच्या अर्जदाराने ह्या शाखा केवळ नाइलाजास्तव पसंतिक्रमात लिहू नयेत. कारण ह्या शाखांतून शिकलेले बहुधा वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापक होतात, आणि ज्याच्या हातून उद्याचे वैद्य घडायचे, त्या अध्यापकाचे चित्त अन्यत्र असणे आम्हांस कमी गुणांहून अधिक घातक वाटते. खासगी महाविद्यालयांच्या अनिवासी भारतीयांच्या कोट्यात ऐपतीच्या बळावर मिळणाऱ्या जागांविषयी मात्र तो आक्रोश मूक होता. सरकारने प्रथम ह्या उपेक्षित शाखांतील अध्यापकांच्या वेतनाचा आणि बढतीचा बंदोबस्त करावा.