मोजता येईल असं काढा!

नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि आपल्या सगळ्यांच्या स्टेटसवर कमळाच्या थीमचं टर्मिनल झळकलं. बातम्यांत आकडेही आले. पाकळ्यांसारखे १२ खांब, छताचा भार पेलणारे १७ महाकाय खांब. पण कुठल्याही इमारतीत याहून कितीतरी मोठे आकडे असतात आणि त्यांची बातमी होत नाही. दिवे किती, दरवाजे किती, बिजागऱ्या किती, नट-बोल्ट किती? ड्रॉइंगवरून हे कुणीतरी मोजतं, यादी करतं आणि त्या यादीवरून खरेदी होते. हे काम बहुतेक वेळा ऑफिसातल्या सगळ्यात नव्या पोराच्या नाहीतर पोरीच्या वाट्याला येतं. ‘जरा क्वांटिटी काढून दे ना!’

या ‘जरा’बद्दल आज बोलायला हवं. कारण पनवेलमधून तळोज्याच्या कारखान्यांत किंवा बिल्डरच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून जाणाऱ्यांची पहिली नोकरी इथेच टिकते किंवा अडखळते.

साधा हिशेब करू. २० मजल्यांची इमारत, मजल्यावर ४ फ्लॅट, फ्लॅटमध्ये ६ दरवाजे. म्हणजे ४८० दरवाजे. दरवाजाला ३ बिजागऱ्या धरल्या तर १,४४०. आता मजल्याच्या प्लॅनमध्ये एकच दरवाजा मोजायचा राहिला, तर इमारतीत २० दरवाजे आणि ६० बिजागऱ्या कमी पडतात. चूक एकाची असते, पण ती मजल्यागणिक गुणली जाते. उलट जास्त मोजलं, तर माल गोडाउनमध्ये पडून राहतो आणि पैसे अडकतात. दोन्हीकडे विचारणा होते ती ज्याने यादी केली त्याला.

मोजायचं कसं? प्रिंट काढून हायलायटरने टिक मारत जाणं ही जुनी पद्धत आजही चालते. पण ऑटोकॅड १९८२ पासून आहे आणि त्यात ‘ब्लॉक’ नावाची सोय आहे. दरवाजा एकदा काढायचा, त्याला ‘डी-१’ असं नाव द्यायचं आणि हवा तिथे ठेवायचा. मग ‘डेटा एक्स्ट्रॅक्शन’ने यादी निघते. २०२२ च्या आवृत्तीपासून तर ‘काउंट’ कमांडही आली. ब्लॉक निवडा, आकडा समोर. एकावर एक पडलेले ब्लॉकसुद्धा ती दाखवून देते.

मग अडतं कुठे? ड्रॉइंग मोजण्यासारखं काढलेलंच नसतं तिथे. घाईत कुणी ब्लॉक एक्स्प्लोड केलेला असतो. आपल्याला तो दरवाजाच दिसतो, कॉम्प्युटरला मात्र चार रेषा आणि एक कंस दिसतो. कुणी तोच दरवाजा तीन वेगळ्या नावांनी ठेवलेला असतो. आणि ड्रॉइंग नीट असलं तरी आकडा चुकू शकतो. कोपऱ्यातल्या लेजंडमध्ये खुणेसाठी ठेवलेला दिवा मोजणीत आला, की ४१ चे ४२ होतात. तोच पंप प्लॅनमध्ये आणि सेक्शनमध्ये दिसला, तर एकाचे दोन होतात. मिरर केलेल्या दरवाजाचं नाव तेच राहतं, पण डाव्या आणि उजव्या हाताचे दरवाजे वेगळे मागवावे लागतात. उंच इमारतीत आगीच्या वेळी थांबायला सोडलेला रेफ्यूज एरिया असतो, त्या मजल्याचा प्लॅन वेगळा असतो. तिथे सरसकट ‘गुणिले २०’ चालत नाही.

तळोज्याच्या रासायनिक कारखान्यांत पाइपिंगचं काम करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट माहीत असते. दोन फ्लँज समोरासमोर आले की एक जोड होतो. चार इंची, १५० क्लासच्या जोडाला १ गॅस्केट, ८ स्टड आणि १६ नट लागतात. म्हणून नवखा माणूस फ्लँज मोजतो, दोनने भागतो आणि गॅस्केटचा आकडा लिहून मोकळा होतो. पण पाइप जिथे टाकीच्या किंवा पंपाच्या तोंडाला जोडला जातो, तिथला समोरचा फ्लँज त्या यंत्राबरोबर येतो. तो पाइपच्या यादीत नसतो. भागाकार बरोबर, गॅस्केट कमी! शटडाउनमध्ये एका गॅस्केटपायी लाइन उघडी राहिली, की तिची खरी किंमत कळते.

‘आता एआय मोजेल, आमचं काय?’ असं अनेक जण विचारतात. मोजू दे की! सारख्या वस्तू मोजण्यात यंत्र आपल्यापेक्षा हुशार आहे, ते थकत नाही आणि चहालाही जात नाही. पण ‘सारखं’ कशाला म्हणायचं, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. डावा दरवाजा आणि उजवा दरवाजा सारखा का? लेजंडमधला दिवा खरा का? समोरचा फ्लँज कोण आणणार? ही उत्तरं ज्याच्याकडे आहेत, त्याची नोकरी कमांड पाठ असणाऱ्यापेक्षा जास्त सुरक्षित आहे.

म्हणून तीन मागण्या. पहिली, शिकवणाऱ्यांकडे. आयटीआयची आरेखक ट्रेड असो, डिप्लोमा असो की ऑटोकॅडचा क्लास, शेवटची परीक्षा फक्त ‘हा प्लॅन काढा’ अशी नको. एकाचं ड्रॉइंग दुसऱ्याला द्या आणि त्यावरून यादी करायला सांगा. यादी निघाली नाही, तर काढणाऱ्याचे मार्क कापा. आणि वर्षातून एकदा तरी वर्कशॉप दाखवा. गॅस्केट हातात घेतलेला विद्यार्थी ती मोजायला विसरत नाही.

दुसरी, कंपन्यांकडे. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात काढणारा आणि तपासणारा अशा दोन चौकटी असतात. यादीलाही त्या हव्यात आणि खरंच भरायला हव्यात. संध्याकाळी सहाला ड्रॉइंग हातात देऊन सकाळी यादी मागायची आणि माल कमी पडला की ज्युनिअरकडे बोट दाखवायचं, ही पद्धत बंद करा. दुसऱ्या माणसाने न तपासलेली यादी म्हणजे अर्धवट यादी.

आणि तिसरी आपल्याकडे, दोस्तांनो. मोजणं हे कमी दर्जाचं काम समजू नका. सॉफ्टवेअरने आकडा दिला, तरी एक मजला हाताने मोजून पाहा. दोन्ही जुळले तर पुढे जा, नाही जुळले तर ‘का’ ते शोधा. आणि ब्लॉक करताना त्याला नीट नाव द्या. ते ड्रॉइंग उद्या मोजायला बसणारा तुमच्यासारखाच कुणीतरी नवीन असेल.