'शनवार तेली' आणि आपली सहिष्णुता

ऐतिहासिक कादंबरी म्हटली की आपल्याला गड, तलवार आणि दरबार आठवतात. ज्या घरात तेलाचा घाणा फिरत होता त्या घरालाही इतिहास असतो, ही गोष्ट लेखक आणि वाचक दोघेही सोयीस्करपणे विसरतात. एस्थर डेव्हिड यांची 'बुक ऑफ एस्थर' ही इंग्रजी कादंबरी २००२ साली प्रसिद्ध झाली. छत्रपती संभाजीनगरात जुन्या पुस्तकांमध्ये तिची एक पिवळी पडलेली प्रत मिळाली. कोऱ्या पुस्तकाची किंमत न परवडणाऱ्या कार्यकर्त्याच्या हाती चांगले पुस्तक बहुधा असेच उशिरा येते.

कादंबरी एका बेने इस्रायली घराण्याची आहे. नवरा पलटणीत असताना कोकणातील शेतीवाडी सांभाळणारी बाथशिबा तीत आहे. पुढे अहमदाबादेत स्थिरावलेले तिचे वंशज आहेत. मराठवाड्यातील वाचकाला ही माणसे परकी वाटतील. वास्तविक ती आपलीच आहेत. नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी त्यांची परंपरागत कथा. किहीमकर, दिवेकर, राजपूरकर अशी गावांवरून पडलेली आडनावे, आणि घरची भाषा मराठी. वल्हांडण सणाची 'हगादा' मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ सालीच छापली गेली होती. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गाव त्यांना 'शनवार तेली' म्हणे.

या नावापाशी थांबले पाहिजे. भारतात ज्यूंचा छळ झाला नाही, असे आपण अभिमानाने सांगतो. गोव्यातील इन्क्विझिशनसारखे अपवाद वगळता ते खरेही आहे. परंतु गावाने त्यांना सामावून घेतले ते एक जात म्हणून. तेल्याच्या पायरीवर बसा आणि तुमचा धर्म खुशाल पाळा, असा तो व्यवहार होता. त्याला सहिष्णुता म्हणावयाचे तर म्हणावे. समता म्हणता येणार नाही. शिवाय उतरंडीत राहणारा उतरंड शिकतोच. या समाजातही 'गोरे' आणि 'काळे' असे भेद पडले. ज्यांच्या वंशात बाहेरची स्त्री आली ते 'काळे', आणि दोहोंत बेटीव्यवहार नसे.

१९४८ नंतरच्या काही दशकांत यांतील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. तेथे १९६०च्या दशकाच्या आरंभी धर्मपीठाने त्यांच्या मागील पिढ्यांची चौकशी केल्याखेरीज अन्य ज्यूंशी त्यांचे विवाह लावू नयेत, असा पवित्रा घेतला. कोकणात 'काळ्यां'ना दूर ठेवणारी कसोटीच आता सगळ्यांना लागू झाली! लोक रस्त्यावर उतरले, धरणे धरले, तेव्हा १९६४ साली इस्रायलच्या संसदेला ते पूर्ण ज्यू असल्याचा निर्वाळा द्यावा लागला.

संसदेच्या दप्तरात हा एक ठराव असतो. घरात मात्र तो मोडलेला सोयरसंबंध असतो, आईच्या आजीचे नाव घेताना चोरलेला आवाज असतो. हाइम सॅम्युएल किहीमकरांनी १८९७ साली आपल्या समाजाचा इतिहास लिहिला. तो छापून निघाला १९३७ साली, तेल अवीवमध्ये. असे ग्रंथ हवेतच. पण सोयरिकीचा आणि स्वयंपाकघराचा इतिहास जाणायचा तर कादंबरीकडे वळावे लागते, आणि तो बाईच्या बाजूने सांगण्याचे काम डेव्हिड यांनी केले आहे.

तक्रार एवढीच की हे घराणे जमीनजुमला असलेले, पुढे डॉक्टर झालेले आहे. घाण्यापाशी राबलेल्या शनवार तेल्याचे घर कुणीतरी लिहावयास हवे, आणि ते त्याच्याच मराठीत.