शून्याचा हिशेब

फौजी नाही असं गाव सातारा-सांगलीत शोधून सापडायचं नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला तर लोक ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखतात. जुन्या मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानही असत, हे मात्र आपल्याच पोरांना ठाऊक नसतं.

दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी इटलीत लढत होत्या. त्याच इटलीतल्या रामितेलीच्या धावपट्टीवरून अमेरिकेचा ३३२ वा फायटर ग्रुप उडायचा. वैमानिक सगळे कृष्णवर्णीय, त्यांच्या मस्टँग विमानांच्या शेपट्या लाल. काम एकच : गोऱ्यांची बॉम्बफेकी विमानं जर्मन हल्ल्यांतून सांभाळून न्यायची आणि परत आणायची. २४ मार्च १९४५ ला ते थेट बर्लिनपर्यंत गेले. तरी सैन्यातला वर्णभेद संपवायचा हुकूम निघाला तो १९४८ साली.

पुढे कैक वर्षं सांगितलं गेलं, की त्यांच्या पहाऱ्यात एकही बॉम्बर पडला नाही. कागदपत्रं तपासल्यावर पंचवीसहून अधिक पडल्याचं निघालं. इतर ग्रुपांच्या सरासरीपेक्षा हा आकडा कमीच आहे. पण तेवढं पुरत नव्हतं, शून्यच लागत होतं. गोऱ्या वैमानिकांकडे असा हिशेब कुणी मागितला?

आपलंही तेच चाललंय. कुणी निष्ठेवर बोट ठेवलं, की आपण लगेच १९६५ च्या युद्धातले परमवीर अब्दुल हमीद पुढे करतो. मीही केलंय. हमीदसाहेब देशासाठी लढले, माझ्या खिशातला दाखला व्हायला नव्हे. यापुढे कुणी विचारलं, तर मी त्यांचं नाव घेणार नाही.