लिनक्सवर 'पिप' पॅकेज टाकायला नकार का देतं?

2023 मध्ये आलेल्या डेबियन 12 आणि उबुंटू 23.04 पासून 'पिप'नं पायथनचं पॅकेज थेट सिस्टीमवर टाकता येत नाही. एरर येतो. पण हा बिघाड नाही, मुद्दाम घातलेली अट आहे.

कारण काय? सिस्टीमची अनेक टूल्स पायथनवरच चालतात. 'सुडो' लावून पिप चालवलं, की त्या टूल्सच्या वाट्याला भलत्याच आवृत्तीची लायब्ररी येऊ शकते आणि ती बंद पडू शकतात.

खरं तर लिनक्समध्ये प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. 'यूएसआर' फोल्डर पॅकेज मॅनेजरचं, त्यातलं 'लोकल' मशीनच्या अ‍ॅडमिनचं, 'ऑप्ट' बाहेरून आलेल्या स्वतंत्र सॉफ्टवेअरचं आणि होम फोल्डरमधलं 'डॉट लोकल' त्या एका युजरचं.

मग करायचं काय? प्रोजेक्टसाठी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनवा. पायथनमधला एखादा प्रोग्रॅम कमांडसारखा वापरायचा असेल, तर 'पिपएक्स' वापरा. तो 'डॉट लोकल'मध्ये राहतो, सुडो लागत नाही.

एररमध्ये 'ब्रेक सिस्टीम पॅकेजेस' हा पर्यायही दिसतो. त्याचं नावच इशारा आहे.

आणि लक्षात ठेवा: 'एपीटी'नं टाकलेल्या प्रोग्रॅमचे अपडेट सिस्टीमसोबत येतात. स्वतः टाकलेल्याचे, सुरक्षेचे अपडेटसुद्धा, तुम्हालाच करावे लागतात.