गोणीला शेवटचा नंबर का?

2025 मध्ये हायरॉक्स ही फिटनेस स्पर्धा मुंबईत आली आणि जिममध्ये वाळूच्या गोण्यांना भाव आला. त्या स्पर्धेत पुरुषांच्या खुल्या गटाला 20 किलोंची गोणी खांद्यावर घेऊन 100 मीटर लंजेस मारावे लागतात, तेही सात किलोमीटर धावून झाल्यावर. आपल्याकडच्या ट्रेनरांनी यातून सोयीचा अर्थ काढला: गोणी म्हणजे दमवायचं साधन. मग तासाची शेवटची दहा मिनिटं, कानठळ्या बसवणारं गाणं आणि आधीच गळालेल्या माणसांच्या अंगावर वाळू. घाम निघतो, व्हिडिओ झकास येतो. ताकद मात्र होती तिथेच राहते.

गोणी वाहणं हा ताकदीचा व्यायाम आहे. त्याला डेडलिफ्टचा मान द्या. वॉर्मअप संपला की लगेच, ताज्या अंगाने, जड वजन, थोडं अंतर आणि मध्ये भरपूर विश्रांती.

बारबेल हाताला साथ देते, वाळू देत नाही. झोपलेलं पोर कडेवर घेतलं की जसं ओघळतं, तशी गोणी प्रत्येक पावलाला खाली आणि एका बाजूला जाते. छातीशी कवटाळलेली असल्यामुळे छाती फुलत नाही. श्वास छोटे, तुटक घ्यावे लागतात आणि पोट मात्र घट्टच ठेवावं लागतं. शिवाय चालताना दर पावलाला सगळा भार एका पायावर येतो. त्या क्षणी कंबर कलू न देणं हे कुल्ह्याच्या आणि कमरेच्या बाजूच्या स्नायूंचं काम. पाठीच्या कण्याचे कॅनडातले अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी 2009 मध्ये स्ट्राँगमन प्रकारांवर सहकाऱ्यांसह शोधनिबंध लिहिला, त्यात वाहून नेण्याच्या प्रकारांचं महत्त्व इथेच दिसतं. नुसत्या स्क्वॉटमध्ये ही परीक्षा होत नाही. तालमीत जोडीदाराला खांद्यावर घेऊन फिरवतात, त्यामागेही वस्तादांचा हिशेब हाच असणार.

‘हमाल कुठे जातो जिमला?’ हे वाक्य मात्र कुणी ऐकवलं की डोकं फिरतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 मध्येच प्रौढ पुरुषाने वाहायच्या ओझ्यासाठी 55 किलोंची मर्यादा सुचवली होती. आपल्या बाजारांत 100 किलोंची पोती चालत राहिली आणि ती 50 किलोंवर आणा म्हणून हमालांना भांडावं लागलं. दिवसभर पाठ वाकवणं हा व्यायाम नव्हे. आपण चार फेऱ्या मारून गोणी खाली टाकू शकतो, चैन ती हीच.

सत्तर किलोंच्या, नियमित व्यायाम करणाऱ्या माणसाने 30 किलोंपासून सुरुवात करावी. गोणी दोन पायांच्या मध्ये, बोटं तिच्या खाली, आधी मांडीवर घ्यायची, तिथे मिठी घट्ट करायची, मग कुल्हे पुढे रेटून उभं राहायचं. वीस मीटर, आखूड पावलं. दोन मिनिटं थांबा. चार फेऱ्या पुरे, आठवड्यातून दोनदा. छाती मागे झुकून पोट पुढे आलं की फेरी तिथेच संपली, अंतर राहिलं तरी. ठेवतानाही कंबर पिळू नका; दुखापती बहुधा ठेवतानाच होतात, असं माझं निरीक्षण आहे. रक्तदाब किंवा हर्निया असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

महागडी गोणी लागत नाही. 40 किलो कोरडी वाळू साधारण 25 लिटर जागा घेते. आतलं पोतं सुतळीने दोनदा बांधा, वर जाड कॅनव्हासची पिशवी चढवा, थोडी ढिली ठेवा. ठासून भरलीत तर वाळू सरकणारच नाही. पावसाळ्यात आत ठेवा, ओली वाळू वजनाचा हिशेब बिघडवते.

हायरॉक्सला उतरणाऱ्यांनी स्पर्धा जवळ आल्यावर थकल्या पायांनी सराव जरूर करावा. बाकीच्यांनी ट्रेनरला सांगून येत्या सोमवारपासून गोणी पहिल्या नंबरावर घ्यावी.